किरकिऱ्या आला नाही

२ मार्च

कापला! तळ्याच्या पश्चिम काठचा अर्धा बोरू कापून टाकला. माणसापेक्षा उंच होता, आता गुडघ्याएवढे खुंट राहिलेत. मध्ये यंत्राच्या चाकांच्या खोल चऱ्या आणि त्यात डिझेलचा तवंग. नगरपालिकेचा इंजिनिअर काठावर उभा राहून फोनवर खिदळत होता. कुणाला विचारून कापला, म्हटलं. तर म्हणे, ‘पाहणीसाठी जागा मोकळी केली, आजोबा.’ आजोबा! स्वतः पन्नाशीचा घोडा.

ट्रकतळ करायचाय तिथे. मी सोडलं नाही त्याला. उन्हात उभं करून किरकिऱ्याबद्दल बोललो. शेवटी कंटाळून म्हणाला, ‘तुमचा तो पक्षी या वसंतात तिथे आला तर पश्चिम काठ सोडू. नाही आला तर भराव. महिनाअखेर सुनावणी आहे, तिथे येऊन सांगा.’

येईल! तीस वर्षं येतोय, नगरपालिकेला विचारून येत नाही.

४ मार्च

डोकं अजून शांत नाही. हिला सगळं सांगितलं. किरकिऱ्या म्हणजे नेमका कोण, हे हिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. बोटाएवढा, मातकट, दिसत कधीच नाही. बोरूच्या बुडाशी बसून पहाटे बारीक किर्र लावतो, तेवढीच त्याची ओळख. नाव आमच्या पक्षी बघणाऱ्या गटाने ठेवलेलं, पुस्तकातलं कुणाच्या जिभेवर बसत नाही. ही म्हणाली, ‘म्हणजे दिवसभर किरकिर करणारा. एक आहे की घरात.’

हसलो नाही मी. नंतर मोरीत हसलो.

९ मार्च

पहिली मोजणी. आमची जुनी पद्धत – बंधाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या दगडापाशी उभं राहायचं, डोळे मिटायचे, अवाक्षर काढायचं नाही. मग मी टिचकी वाजवली की सगळ्यांनी एकदम हात वर करायचा. जितके ऐकले तितकी बोटं. काहीच नसेल तर मूठ. एकदम अशासाठी, की दुसऱ्याचं बघून कुणी बोटं काढू नयेत. ही पद्धत मीच बसवली.

सगळ्या मुठी. अजून लवकर आहे.

चहाच्या टपरीवर मात्र पोस्टमनशी वाजलं. निवृत्त झाला तरी आम्ही त्याला पोस्टमनच म्हणतो. माझा जुना दोस्त. म्हणतो, ‘एवढा कशाला तापतोस? ट्रकही कुठेतरी उभे राहायला हवेतच ना!’ त्याच्या अंगणात उभे करा म्हणावं.

१२ मार्च

धुण्याच्या मशीनची शिट्टी पुन्हा बंद. कपडे झाले तरी वाजत नाही. मी स्वतः उघडून नवा पार्ट टाकला, चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी! तरी ढिम्म. हल्लीचे पार्ट सगळे भिकार. हिला मात्र बरोबर कळतं कपडे कधी झाले ते. सवय.

१६ मार्च

तिडीक गेली डोक्यात.

दुसऱ्या मोजणीत तिसऱ्या दगडापाशी टिचकी वाजवली. सगळीकडे मुठी आणि मध्येच दातवालीची दोन बोटं! (दातांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी गटात आली. पिवळीधमक टोपी घालून फिरते, पक्षी आंधळे असल्यासारखी.) म्हटलं, कुठे आहेत दोन? ती म्हणे, ‘काका, समोरच! एक तर अगदी जवळ.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा डोळे मिटले. वारा. लांब कुठेतरी बेडूक. पाणकोंबडीचं कुरकुरणं. बास.

माझे कान म्हणजे काय हे या बाईला माहीत नाही. दुकानात गिऱ्हाईक दारात असतानाच मी स्पीकरमधला दोष सांगायचो.

तिने फोन पुढे केला, ‘रेकॉर्ड केलंय.’ कानाला लावला. नुसती वाऱ्याची खरखर. कुठाय यात पक्षी, म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘काका, खरंच नाही?’ वर हे विचारते!

मला कळतं ती काय करतेय. तळं वाचावं म्हणून. तळं मलाही वाचवायचंय, तिच्या जन्माआधीपासून चिखल तुडवतोय. पण खोटा पक्षी उभा करून? एकदा पकडलो गेलो की आपल्या खऱ्या पक्ष्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सगळ्यांसमोर झाडलं तिला. ‘ऐकलं नाही ते सांगायचं नाही’, हा एवढा एकच नियम आहे आपल्याकडे!

टोपी काढून हातात धरून उभी होती. वाईट वाटलं थोडं. पण थोडंच.

२१ मार्च

समुद्रकाठी गेलो होतो, गटाबरोबर. ओहोटीला चिखल उघडा पडला होता. त्यात चरणारे शेकाटे, तुताऱ्या, वाळूवर कुरवांचा थवा. वाकड्या चोचीवाल्याची लांब शीळ कान भरून ऐकली, सगळ्यांत आधी मीच! ‘तो बघा, त्या मोडक्या होडीमागे’ – आणि होताच तिथे. पोस्टमन म्हणाला, ‘मानलं बुवा.’ दातवालीला नीट ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं मी, कान असे लागतात.

परतताना ती शेजारी चालायला लागली. ‘काका, एक विचारू? रागावणार नाही ना?’

रागावणार, म्हटलं.

मग टोपी नीट करून पुढे निघून गेली. बरंच झालं.

२३ मार्च

शेवटची मोजणी. चारही दगड. माझी मूठ, मूठ, मूठ, मूठ.

दातवालीने प्रत्येक ठिकाणी बोटं दाखवली. कुठे एक, कुठे दोन. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण बोटं खाली नाही घेतली. हट्टी आहे. चौथ्या दगडापाशी पोस्टमननेही एक बोट वर केलं. माझ्याकडे बघितलं. मिटलं. काय रे, विचारलं, तर म्हणाला, ‘तू नाही म्हणतोस म्हणजे रातकिडा असेल.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कुणाचा राग करू? बोरू कापणाऱ्यांचा? या बाईचा? की त्या बोटाएवढ्या पाखराचा? इतकी वर्षं आलास, याच वर्षी पाठ फिरवलीस! बंधाऱ्यावर बसून खुंटांकडे बघत राहिलो. रडू येत होतं. शिव्या दिल्या, मोठ्याने. दोन बगळे उडाले.

२८ मार्च

सुनावणी झाली. झाली म्हणजे, आटोपली.

लांब टेबल, बंद पडलेला पंखा, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. दातवाली उभी राहून बोलली. दवाखाना बंद ठेवून आली होती. फोनवरचं रेकॉर्डिंगही लावलं तिने. इंजिनिअर म्हणाला, ‘मॅडम, मला यातलं काही कळत नाही. हा किडा आहे की पक्षी, हे यांनीच सांगावं. गावात यांच्या कानाला तोड नाही म्हणतात.’ आणि सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

एक शब्द पुरला असता. ‘आहे’ म्हटलं असतं तर काठ वाचला असता. पण मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणजे नव्हतं!

‘या वर्षी आला नाही,’ म्हणालो. आणि का आला नाही तेही सुनावलं – तुमच्या यंत्रांमुळे! खुर्ची मागे ढकलली, टेबलावर हात आपटला, बाटली पडली. इंजिनिअरने रुमालाने टेबल पुसलं आणि म्हणाला, ‘प्रामाणिक माणूस. आभारी आहे.’ त्याचे आभार गेले चुलीत!

सहा तारखेपासून भराव.

दातवाली जिन्यात भेटली. बाजूला होऊन मला वाट दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च

दुर्बीण कपाटात ठेवली. कुणाचा फोन घ्यायचा नाही.

२ एप्रिल

ही म्हणते, ‘किती दिवस तोंड पाडून बसणार? खरं तेच बोललात ना?’ खरं तेच बोललो. म्हणूनच तर घास उतरत नाही. खोटं बोललो असतो तर निदान बोरू तरी उभा राहिला असता. हिच्यावरही ओरडलो, उगाचच. ही उठली आणि मशीनमधले कपडे काढायला गेली.

५ एप्रिल

आज पहाटे ही म्हणाली, ‘चला, शेवटचं दाखवा मला तुमचं ते तळं.’ चिखलाला नाक मुरडणारी बाई, माझे जुने बूट घालून बंधाऱ्यावर आली. तिसऱ्या दगडावर बसलो. बराच वेळ.

मग ही म्हणाली, ‘थांबला वाटतं.’

‘कोण?’

‘अहो, तो! आपण आल्यापासून लावलं होतं की त्याने. आपल्या मशीनच्या शिट्टीसारखं, बारीक. हा बघा – परत लागला.’

म्हणजे मशीनची शिट्टी वाजते? मी डोळे मिटले. हिचा हात घट्ट धरला. वारा. बेडूक.

उद्या सकाळी डंपर. इंजिनिअर फोन उचलत नाही. दातवालीने लगेच उचलला.

‘काका? बोला ना. ऐकतेय मी.’