सुमनताईंचे रिकामे रकाने

मंगळवार, १९ एप्रिल

आज स्वतःचीच लाज वाटली. जिल्ह्यातल्या जुलाबाच्या हजारो नोंदी तपासताना करमाडजवळच्या एका वस्तीचे रकाने सलग सहा आठवडे रिकामे दिसले. काय हा आळस! तिथल्या नर्स सुमनताईंना फोन लावून तणतणले, "रुग्ण नसतील तर शून्य तरी लिहायचं ना! आता मीच टाकते."

"नका टाकू मॅडम," त्या म्हणाल्या. "मी दर आठवड्याला गेले की. घरांना कुलपं. पाणी नाय म्हणून माणसं लेकरं घेऊन शहरात मुकुंदवाडीला बांधकामावर गेली. मी बघितलंच नाय, तर कुणी आजारी नाय असं कसं लिहू?"

मग मुकुंदवाडीच्या दवाखान्याच्या नोंदी उघडल्या. मूळ गाव म्हणून तीच वस्ती, तेच सहा आठवडे, लेकरांना जुलाब. माझ्या शून्यांनी ती वस्ती जिल्ह्यात सगळ्यात निरोगी ठरली असती! सांख्यिकी शिकले मी, आणि न पाहिलेलं न लिहिण्याची हिंमत त्या बाईंकडं.

रकाने रिकामेच ठेवले. पण शेजारच्या गावांची ती नीटनेटकी शून्यं, सकाळपर्यंत किती आवडत होती मला. तिथं कुणी गेलं तरी होतं का?