सातवं नाव

अर्जुनी मोरगाव, २००९

राखी बाई,

दहा वर्षांपासून तू सरकारची प्रवक्ती, पण तुले खरं पाह्यलं ते बस उलटली त्या दिवशी. टीव्हीवर तू मेलेल्यांची सहा नावं वाचली. पत्रकार सातवं विचारून राहिले होते. तू म्हणाली, “घरी कळवल्याशिवाय सांगणार नाही.” आवाज हलला नाही. मी हळहळली, “कोनाचं घर असन, बाई!” तुहे बाबा तर रेल्वेनं येणार होते.

तेवढ्यात दारात जीप थांबली. तुही मावशी उतरली अन् तिनं बाबाचं नाव घेतलं.

तू फोन काऊन नाही केला म्हणून महिनाभर मी अबोला धरला. हे पत्रही पेटीतच राहीन. पण बाई, मले एकटीनं ऐकावं लागू नये म्हणून तू मावशी धाडली, अन् तू तिथं तेवढ्या लोकांत एकटी उभी होती.

तुह्यापुढं शब्द न सुचणारी,
माय