कॉफी, लिव्हर आणि माझा फसलेला प्रयोग

३ फेब्रुवारी
ह्यांचं लिव्हर फॅटी निघालं! दारूचा थेंब नाही, तरी. रक्ततपासणीत एसजीपीटी ८८ – चाळीसच्या आत हवं. दिवसभर दुरुस्तीच्या दुकानात घड्याळं उघडून एका जागी बसायचं, वर गोडाची हाव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवा, गोड बंद. आणि बिनसाखरेची काळी कॉफी सोसत असेल तर जरूर घ्या." मी कान टवकारले. कॉफी? तिच्या नावानं तर जन्मभर बोटं मोडलेली ऐकली!

५ फेब्रुवारी
शाळेतल्या जीवशास्त्राच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "हजारो लोकांच्या पाहण्यांत दिसलंय – रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांचं लिव्हर कमी खराब होतं. पण ते कॉफीमुळेच, असं छातीठोकपणे नाही सांगता येत."
मग कळायचं कसं? अठ्ठावीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळतेय. नियम पाठ आहे – एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पण गोड तर बंद करायलाच हवं. म्हणजे दोन गोष्टी बदलल्या. सुरू व्हायच्या आधीच प्रयोगाचे तीन तेरा!
तरी वहीत रकाने आखलेच.

६ फेब्रुवारी
पहिला कप. "कॉफी आहे की काढा?" – इति हे.

१४ मार्च
दुकानात थर्मास देते, तो संध्याकाळी भरलेलाच परत येतो. विचारलं तर, "अगं, प्यायलो की!" काय लिहू वहीत? कमरेचा पट्टा मात्र दोन भोकं आत गेलाय.

८ मे
४६!! मी दवाखान्यातच टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई हसल्या. "कॉफी चालू ठेवा. पण सगळं श्रेय तिला देऊ नका. वजन उतरलंय. चालताय ना?" हे खिडकीबाहेर बघत बसले.
चालतात? कधी? कुठे?

९ मे
खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलले. "दुकान दोन तास लवकर बंद करतो आणि धाकटीकडे जातो. चालत. पस्तीस मिनिटं जायला, तितकीच यायला. कॉफी तिथेच घेतो."
धाकटी म्हणजे ह्यांची बहीण. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून आमचं वाजलं. मीच म्हणाले होते, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नका." नऊ वर्षं झाली त्याला. हे तेव्हा काही बोलले नाहीत. नंतरही नाही.
"मला सांगायचं तरी!"
"सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?"
राग धड येईना. वही घेऊन बसले. कॉफी, गोड बंद, चालणं, बहीण – यातल्या नेमक्या कशानं आलं ह्यांचं लिव्हर ताळ्यावर?

१० मे
दुपारी फोन. नऊ वर्षांनी, तरी पहिल्या शब्दाला आवाज ओळखला.
"वहिनी, दादाला ठाऊक नाही. माझाही लिव्हरचा रिपोर्ट आलाय. एकशे बारा. इतकी वर्षं कॉफी तर मीही पितेच आहे हो! तुम्ही त्याला काय काय केलंत, सांगाल?"
"सांगते," म्हटलं. "पण फोनवर नाही. येते मी."