कापणारा हात फ्लास्कला

पप्पा, परवा माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. बारावीचं. तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांची घोडी झाली आणि आत्ता बारावी? तेच सांगायला बसलेय. साडेअकरा झालेत. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे सगळे येऊन गेले, आता दुपारभर इथं फारसं कुणी येत नाही. मी आपल्या मनीमाजऱ्यातच रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. ट्यूबवर नावाचं लेबल चिकटवायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, कापूस द्यायचा. रक्त काढते ती इथली टेक्निशियन, तिला मी दीदी म्हणते. मघाशी तिनं वाकून बघितलं. म्हणाली, "ये क्या लिख रही है? हिंदी तो है नहीं." मी म्हटलं, "मराठी है जी." "किसको?" मी कागदावर हात ठेवला. "लड़का है क्या?" आणि हसत हसत चहा सांगायला गेली. मी लाल झाले असणार. तुम्ही गेल्यापासून मराठी फक्त आईशी, तीही निम्मी हिंदी, तेव्हा कुठं चुकलं तर चालवून घ्या.

हल्ली तुमच्या कॉलेजची लॅब सारखी आठवते. फौजेतून रिटायर झालात आणि तिथं अटेंडंट म्हणून लागलात, आणि आपलं साताऱ्याला परत जायचं राहूनच गेलं. माझी शाळा दुपारी सुटायची, आई शिवणाच्या वर्कशॉपमध्ये, म्हणून मी लॅबच्या मागच्या खोलीत बाटल्यांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसून होमवर्क करायचे. पोरं तुम्हाला फौजी अंकल म्हणायची. त्या जांभळ्या पाण्यानं, परमँगनेटनं, तुमची बोटं कायम तपकिरी. आई भाकरी वाढताना म्हणायची, "हात धुतलासा का गेरू लावून आलायसा?" तुम्ही म्हणायचात, "धुतलेत की. कॉलेजची मेंदी हाय ही, निघत न्हाई."

एक दिवस तर अगदी समोर दिसतो. मी चौथीत असेन. आत परीक्षा चाललीय आणि मी दाराच्या फटीतून बघतेय. स्टँडला ती उभी लांब काचेची नळी, ब्युरेट, जांभळ्या पाण्यानं भरलेली, तिला खाली तोटी. तोटीखाली फ्लास्क, त्यात पाण्यासारखं दिसणारं गरम ॲसिड. थेंब थेंब सोडायचा आणि फ्लास्क हलवत राहायचा. रंग येतो, विरतो, येतो, विरतो, आणि मग एका थेंबाला फिकट गुलाबी होऊन तसाच राहतो. तिथं थांबायचं आणि किती पाणी गेलं ते लिहायचं. जास्त पडलं की रंग गडद होतो आणि सगळं वाया. एक उंच सरदार मुलगा तोटीला हात लावून उभा आहे आणि त्याचा हात एवढा कापतोय की स्टँड वाजतंय. बघता बघता त्याचा फ्लास्क पार जांभळा झाला आणि मला हसू आलं. मोठ्यानं. तुम्ही आत आलात आणि माझा कान पिळलात. "हसतीस? त्याचा जीव टांगणीला लागलाय आणि तू हसतीस? परत दात दिसलं तर उद्यापासनं हितं यायचं न्हाई." तुम्ही मला मारलंत असं ते एवढंच.

मग डिस्टिल्ड वॉटरची बाटली ठेवायच्या निमित्तानं तुम्ही त्याच्याजवळ गेलात. तुमची ती साताऱ्याची हिंदी. "बेटा जी, हाथ काँपता है? काँपने दो. काँपनेवाला हाथ फ्लास्क को दो, उसको तो हिलानाच है. तोटी दूसरे हाथ से पकडो. और पहला रीडिंग फेंकने के वास्ते ही होता है." त्यानं जांभळा फ्लास्क बेसिनमध्ये ओतला, धुतला, परत लागला. जाताना तुमच्या पायाला हात लावून गेला. सायकलवर मी मागं बसलेली, रुसलेली, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता बोलत होतात. "भ्या वाटलं की पेपर उलटापालटा वाचत बसायचं न्हाई. आधी पट्टीनं तक्ता आखायचा. हात कामाला लागला की डोकं मागनं येतंय. ब्युरेटच्या तोंडातला बुडबुडा घालवायचा, घाईत सगळी तेच विसरत्यात. आणि पहिलं रीडिंग कुणाचंच खरं नसतंय, म्हणून तर तीन घेत्यात." घरी आल्यावर पिशवीतून एक पांढरी टाइल काढून दिलीत. फ्लास्कखाली ठेवतात ती, रंग नीट दिसावा म्हणून. कोपरा उडालेला, म्हणून लॅबनं टाकलेली. मी त्यावर पेन्सिलीनं लिहायचे आणि पुसायचे. आता आई तिच्यावर गरम पातेलं ठेवते.

दोन वर्षांनी, मी सहावीत असताना, तुम्ही गेलात. पुढं मी अकरावीला सायन्स घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं मला येईल, कारण लॅबचा वास ओळखीचा. घरी सगळं यायचं. शाळेत मी कधी हात वर केला नाही, तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे. आणि परीक्षेला बसले की कालपर्यंत पाठ असलेली समीकरणं कुणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. बारावीच्या प्रॅक्टिकलला माझ्यासमोर तीच ब्युरेट आली. मला वाटलं, चला, ही तर आपली. मी तोटी फिरवली आणि माझा हात कापायला लागला. मला तुमचं काहीएक आठवलं नाही पप्पा. एक शब्द नाही. फ्लास्क गडद झाला. आणि मला ते मागच्या खोलीतलं माझं हसणं ऐकू आलं. मी घरी आले. मग लेखी पेपरलाही गेले नाही आणि शाळा सुटली ती सुटलीच.

घरी आईला माहीत आहे ते असं, की केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला बाहेर काढलं. आई दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला निघालेली, मी तिचे पाय धरले. तेव्हापासून ती त्या बाईला शिव्या देते. दूध उतू गेलं तरी म्हणते, "त्या बयेचंच तोंड बघितलं असंल." आधी मला बरं वाटायचं. आता दमायला होतं. दोन वर्षं दुसऱ्याला शिव्या बसताना ऐकायच्या, त्याचंही ओझं होतं.

दीदी मागं लागली म्हणून ओपन बोर्डाचा फॉर्म भरला. टेक्निशियनच्या कोर्सला बारावी सायन्स लागते. ती म्हणाली, "तेरा हाथ अच्छा है, पर इस बार नहीं गई ना, तो लेबल ही चिपकाती रहेगी उम्रभर." शेजारच्या क्लिनिकमधून तिनं मला तारीख गेलेला सलाइनचा सेट आणून दिला. मी तो स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला बाटलीसकट टांगला. बाटलीत लाल दवा, म्हणजे तेच परमँगनेट, घातलेलं पाणी, खाली काचेच्या ग्लासात लिंबाचं पाणी, ग्लासखाली तुमची टाइल. लिंबानं रंग विरतो, फक्त कॉलेजसारखा स्वच्छ नाही, जरा मातकट राहतो. आई आली, बघून दारातच थांबली. "आगं कोण आजारी हाय?" मी म्हटलं, "कुणी नाही, केमिस्ट्री." "आणि माझी लिंबं?" रोज सकाळी कामावर यायच्या आधी तीन वेळा करते. हात अजून कापतो. उजवा. तो ग्लासला लावते.

हे सगळं जमलं असतं. पण गेल्या आठवड्यात परीक्षेचं सेंटर आलं. तीच शाळा. त्याच मॅडम असणार. आणि आईनं परवाची सुट्टी टाकलीय. म्हणते, "मी येती तुझ्यासंगं. त्या बाईला तोंडावर इचारती, माझ्या बिनबापाच्या पोरीला का हाकललंस म्हणून." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "तू गप. तू बोलत न्हाईस म्हणूनच ही वेळ आली." पाच दिवस झाले, मला जेवण जात नाही. दीदी समजते परीक्षेचं टेन्शन आहे.

मॅडमनी मला बाहेर काढलं नव्हतं पप्पा. त्या माझ्याजवळ आल्या, जांभळा फ्लास्क उचलून बाजूला ठेवला, धुतलेला दुसरा पुढं केला आणि हळूच म्हणाल्या, "दोबारा कर ले बेटा, बहुत टाइम है." चाळीस मिनिटं होती. ब्युरेट अजून निम्मी भरलेली होती. मी पट्टी आणि पेन कंपासमध्ये ठेवलं, झिप लावली आणि चालत बाहेर आले. त्या दारापर्यंत मागं आल्या होत्या. मी वळले नाही.

हे तुम्ही सोडून कुणालाच माहीत नाही. हे पत्र म्हणजे पहिलं रीडिंग, ते टाकून द्यायचं असतं, तेव्हा हे कुठं पाठवायचं नाही. दुसरं आईला सांगायचं, आजच, नाहीतर परवा ती त्या शाळेच्या दारात उभी राहील. ती पाचला सुटते. वर्कशॉपच्या फाटकापर्यंत मी जाईन, एवढं पक्कं. पुढचं मला अजून माहीत नाही.