सहाचे पाच

आत्या,

क्लबच्या स्पर्धेत दादाच्या गोल्फच्या कार्डावर शेवटच्या होलला मी मुद्दाम सहाचे पाच लिहिले. त्याचे फटके मोजायचं काम माझ्याकडे होतं. वाटलं, सही करताना बघेल, "गाढवा, नीट मोज," म्हणून ओरडेल, की झाली गंमत! पण तो म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग बघायचं काय?" आणि सही करून मोकळा.

सोबतच्या खेळाडूने चूक पकडली. सही झाल्यावर दुरुस्ती नाही, कमी फटके लिहिले की थेट बाद. गोल्फमध्ये कमी फटक्यांचा जिंकतो, पण सहा धरूनही तोच जिंकला असता गं!

आता क्लबात त्याला चोर म्हणतात. तो उलट मलाच समजावतो, "चुकतं रे एखाद्या वेळी." ते ऐकून ऐकून दमलोय. हे पत्र बहुतेक पाठवणार नाही. पाठवलंच, तर पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. दादाला तर मुळीच नको.

तुझा आगाऊ भाचा