काडीची अक्षरं

९ फेब्रुवारी

चार हजार फॉन्ट! ओफोसूने पेनड्राइव्हवर आणून दिले, फुकट. दुपारपर्यंत तेच बघत बसलो. निम्म्याहून जास्त दगडावर घालायच्या लायकीचे नाहीत. केसासारख्या बारीक रेघा — ग्रॅनाईटवर मशीनचं हिऱ्याचं टोक टेकलं की टवकाच उडणार. काही तर नुसत्या शेपट्या, अक्षर शोधावं लागतं. एका फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षरावर बर्फ साचलाय. इथे घानात, कुमासीच्या उकाड्यात, थडग्यावर, बर्फ!

तरी बाहेर पाटी रंगवून लावलीच — ‘४००० प्रकारची अक्षरं’. गिऱ्हाइकाला मोठा आकडा लागतो. अक्षर बरं की वाईट हे कोण बघतंय.

१३ फेब्रुवारी

ओफोसूचा पराक्रम. गाळा माझ्या शेजारी, धंदा माझ्यासारखाच, लाज माझ्याइतकी नाही. एका हेडमास्तरांच्या थडग्याचा दगड होता. घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवली, फाइल दुकानात आणली, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नाही. सॉफ्टवेअरने गुपचूप दुसराच बसवला — वाढदिवसाच्या केकवर असतो तसला, गुबगुबीत. हा शहाणा बटण दाबून मक्याचं केंके खायला गेला. परत येऊन बघतो तर हेडमास्तरांचा वाढदिवस! कॉम्प्युटरमध्ये आधी अक्षरांच्या रेघा करून घ्यायच्या, मग फॉन्ट असो नसो, काही बदलत नाही, हे त्याला सांगून माझी जीभ झिजली.

आणि घरच्यांना काय सांगितलं? “मशीन ऐकत नाही हो.” त्याचं मशीन कधीच ऐकत नाही. चुकलेली तारीख, तुटलेला कोपरा, उशीर — सगळ्याला एकच औषध. असली थाप मारायची वेळ माझ्यावर आली तर मी दुकान बंद करून कोकोच्या शेतावर जाईन.

२० फेब्रुवारी

सॉफ्टवेअरचं काही ठरत नाही. मशीनबरोबर आलेलं जुनं आहे — अर्धा मेनू चिनी भाषेत, अक्षरं दोन-तीन प्रकारची, सगळी काडीची. एका रेघेत उभं अक्षर, जाडी नाही, वळण नाही. पाण्याच्या मीटरचे बिल्ले त्यावरच करतो. नवीन घेतलंय ते महिन्याच्या भाड्याचं. दिसायला राजेशाही, पण इंटरनेटची परवानगी घेतल्याशिवाय उघडत नाही. आज वीज गेली. वीज आली, नेट आलं नाही. माझ्याच दुकानात मी पाहुण्यासारखा बसून राहिलो.

तिसरं, चोरलेलं, ओफोसू वापरतो. त्याचा गुण वर लिहिलाच आहे.

२६ फेब्रुवारी

आज एक भारी गिऱ्हाईक. मॅडम बिरागो, निवृत्त शिक्षिका. काठी टेकत आल्या, पंख्याखालची माझी खुर्ची घेतली आणि म्हणाल्या, “दगडाची अक्षरं निवडायचीत.”

“कोण गेलं, मॅडम?”

“अजून कोणी नाही. मी जायची आहे.”

मी म्हटलं, जिवंतपणी स्वतःचा दगड? तर म्हणतात, “मेल्यावर मला विचारणार आहे का कोणी?” ते मात्र खरं. आमच्यात माणूस मेला की तो आईकडच्या घराण्याचा. नवरा, मुलं बाजूला, घराण्याचे प्रमुख म्हणतील ते. यांचे प्रमुख म्हणजे नाना ग्यामेरा, यांचे थोरले मावसभाऊ. त्यांची आवड सगळ्या गावाला माहीत आहे — सोनं, कमळं, कबुतरं.

जिवंत माणसाचं नाव मी दगडावर घालत नाही. कुणीच घालत नाही. फार तर कॉम्प्युटरमध्ये जुळवून ठेवीन म्हटलं. मग फॉन्ट दाखवायला बसलो. “ही बिअरची बाटली.” “ही बँक.” “हा आजारी आहे वाटतं, कलंडलाय.” एकही पसंत नाही. चार हजार फॉन्ट असलेल्या माणसाची ही किंमत!

४ मार्च

मॅडम पुन्हा. भाजलेली केळी आणली, माझ्यासमोर सगळी स्वतःच खाल्ली, आणि आणखी शेकडो फॉन्ट नापास केले. परीक्षेचे पेपर तपासावेत तसे. गेल्या एकदाच्या.

११ मार्च

ठरलं! आणि काय ठरलं, तर मीटरचे बिल्ले.

मी जुन्या सॉफ्टवेअरवर बिल्ल्यांचं काम करत होतो. मॅडम मागून डोकावल्या. “हे कुठे लपवलं होतंस?”

“हे? हे मीटरसाठी आहे, मॅडम.”

“हेच घाल.”

मी म्हटलं, “माणसाचा दगड आहे, मीटरचा नंबर नाही. लोक मला हसतील.”

“तुला हसतील ना? मग मला काय त्याचं.” पडद्यावर बोट टेकवून एक अक्षर गिरवून दाखवलं. “एकच रेघ आहे. सुरू कुठे होते, संपते कुठे, बोटाला कळतं. मी हेच फळ्यावर काढायचे. वाचता आलं पाहिजे, आतोब्रा.”

“कुणाला?”

“मी शिकवलं त्याला. त्याला एवढंच वाचता येतं. शेपट्या आल्या की घाबरतो. शाळेत यायची लाज वाटायची, म्हणून घरी यायचा, अंगणात बसून शिकायचा.”

असेल कुणीतरी ढ पोरगं. या मास्तरणींना ढ पोरांचाच लळा फार. त्याच्यापायी माझ्या हातून असला दरिद्री दगड जाणार.

मजकूरही तसलाच. अकुआ बिरागो. तारखा. खाली फक्त ‘शिकवत होती’. दुःखाने व्याकूळ वगैरे काही नाही. जाताना म्हणाल्या, “ग्यामेरा काहीही सांगू दे. तू शब्द दे.” दिला. शब्द द्यायला काय जातं माझं.

२ एप्रिल

मॅडम फिरकल्या नाहीत. बरं आहे, चार कामं तरी होतायत.

१९ एप्रिल

मॅडम बिरागो गेल्या. ओफोसूने सांगितलं. वाईट वाटलं, वाटेल असं वाटलं नव्हतं. त्यांची फाइल उघडली, बघितली, बंद केली. पंख्याखालच्या खुर्चीत आज दिवसभर बसलो नाही.

११ जानेवारी

नवीन वर्ष, नवी वही, आणि जुनं लचांड. मॅडमचं वर्ष एप्रिलमध्ये. नाना ग्यामेरा दगड सांगायला आले, भाच्याला घेऊन. अंगावर एवढं कापड की दुकानात मला जागा उरली नाही.

“भाचा सांगतो, तुझ्या पाटीवर चार हजार लिहिलंय. काढ बाहेर.”

मी नमुन्यांचे कागद दिले. हातात धरले, लगेच खाली ठेवले. “चष्मा घरी राहिला. सगळ्यात जास्त शेपट्या कशाला आहेत ते तूच सांग. तेच घाल. सोनं भर. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, घराण्याने हात आखडला नाही.”

मी म्हटलं, “नाना, मॅडमनी स्वतः निवडून ठेवलंय. साधी काडीची अक्षरं. मीटरच्या बिल्ल्यावर असतात तशी.”

“आमच्या घरची बाई मीटर होती का?”

हे माझंच बोलणं, दुसऱ्याच्या तोंडून. इतका राग आला की हातातला कागद चुरगळला. नाना उठले. म्हणाले, परवा येतो, तोवर तुला जमत नसेल तर शेजारी दुकान आहेच.

१२ जानेवारी

दिवसभर डोक्यात तेच. नाही म्हटलं तर दगड ओफोसूकडे जाणार, आणि ओफोसू शेपट्यांचा डोंगर उभा करणार. घराण्याच्या प्रमुखाशी भांडून कुमासीत दगडाचा धंदा होत नाही. आणि त्या बाईला मी शब्द दिलाय. काय जातं म्हणालो होतो!

शेवटी ओफोसूकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी मागायला. सगळं सांगितलं. तो हसून हसून खोकायला लागला. “म्हणजे मी खोटं बोलायचं? तुझ्यासाठी?”

“तू रोज बोलतोस.”

“रोज बोलतो ते पोटासाठी. हे फुकट.” मग डोळे पुसत म्हणाला, “पण तोंडाने म्हण एकदा. काय सांगायचं नानांना?”

म्हणालो. त्याने दोनदा म्हणायला लावलं.

१३ जानेवारी

सकाळी पाटी उतरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. नाना आले. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “मशीन ऐकत नाही, नाना. ग्रॅनाईटवर आता काडीचंच अक्षर बसतं.”

तडक शेजारी गेले. भिंतीतून ऐकू येत होतं. ओफोसू काय रंगला होता! ग्रॅनाईट बदललाय, वीज कमी येते, सॉफ्टवेअर परदेशातून बंद केलंय — त्याचंही मशीन ऐकत नव्हतं. हा माणूस थापांमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे, हे मला मान्य करावं लागेल.

नाना परत आले. “कसली मशीनं आणता रे तुम्ही लोक? बरं, काडी तर काडी. सोनं तरी भरशील?”

सोनं भरीन म्हटलं. मॅडम रागावतील, पण शब्द अक्षरांचा दिला होता.

१९ एप्रिल

आज मॅडमचं वर्ष. सगळे पांढऱ्या-काळ्या कपड्यांत. दगडावरचं कापड काढलं. पाद्री वाचायला पुढे झाले, तर नाना ग्यामेरांनी हाताने त्यांना मागे सारलं. भाचा पुटपुटला, “नाना, मी वाचू?” त्यालाही सारलं. गुडघे टेकून बसले. पहिल्या अक्षरात बोट घातलं आणि रेघेरेघेने पुढे गेले. अ. कु. आ. एकेक अक्षर, मोठ्याने, साऱ्या घराण्यासमोर. शेवटच्या ओळीला बराच वेळ लागला. शि. क. व. त. हो. ती.

चष्मा लावला नव्हता.