फिल्टर वर घेतला

११ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. डॉ. म्हणाले, रोज चार ओळी लिहा, बोटं वळतील. अक्षर पहिलीतल्या पोराचं. असो.
शेडमध्ये गाडी उभी. चौदा एप्रिलची जयंती महिन्यावर आली आणि ऑइल बदललेलं नाही. दरवर्षी मिरवणुकीत पुढे आपलीच बासष्ट सालची गाडी, बॉनेटवर तसबीर. एप्रिलच्या उन्हात मुंगीच्या चालीने अख्खं अनसिंग गाव फिरायचं. ऑइल-फिल्टर जुना असेल तर इंजिन तापून बसतं. आजवर हे काम माझ्याशिवाय कोणी केलं नाही. डेपोत मेकॅनिक होतो ते काय उगीच? यंदा उजवा हात चहाचा कपही धरत नाही.

१५ मार्च
फिल्टरची वाटी इंजिनच्या बुडाशी. पाठीवर झोपून आत सरकलं तरच हात पोचतो. सरकलो. निघता येईना. बायको कमल आणि शेजारचा गजानन, दोघांनी पाय धरून ओढलं. गजा म्हणे, "भाऊ, गाळात बैल फसते तसे फसले तुमी." सगळे हसलो. मग मला रडू आलं. लकव्यात असं होतं म्हणे. असेल. मला तर खरंच रडू आलं होतं.

१९ मार्च
मंडळाचा अध्यक्ष सुमेध आला. "जयभीम काका. वाईट वाटून घेऊ नका, यंदा ट्रॅक्टर लावतो."
"गाडी तयार असन." जीभ अडखळली.
त्याने कमलकडे पाहिलं, काकू काय म्हणतात म्हणून. मी समोर बसलेला! हल्ली सगळे तिलाच विचारतात. दूधवालासुद्धा.

२४ मार्च
सुचलं. फिल्टर खालीच कशाला पाहिजे? जुन्या वाटीच्या जागी प्लेट, तिथून दोन पाइप वर, बॅटरीजवळ ट्रॅक्टरचा फिल्टर. तो नुसता हाताने फिरवून बसतो. उभ्याने, डाव्या हाताने. जन्मभर लोकांना दटावलं, इंजिनावरची मूळ जागा हलवू नका. आता स्वतःच...
वाशिमच्या रईस मिस्त्रीला फोन केला. माझ्याच हाताखाली शिकला.
"चाचा, कायले एवढी उठाठेव? मी येऊन बदलून देतो ना."
"मले करायचं हाय."
मग प्लेट-पाइप घेऊन येतो म्हणाला.

३० मार्च
जुन्या वाटीचा बोल्ट सुटेना. रईस म्हणे, "एवढा कोनं कसला?" मीच, गेल्या साली. बरं वाटलं. लगेच वाईटही. शेवटी सुटला. प्लेट, पाइप बसले. तपासायला एक जुना फिल्टर लावून गाडी सुरू केली, गळती नाही. ऑइल अन् नवा फिल्टर मी पाहतो, तू जा म्हटलं त्याला. बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

६ एप्रिल
ऑइल बदलायला गेलो. डबा उघडला, जुनं पातेलं मागितलं. कमल म्हणाली, "ठेवू कुठं?"
तेव्हा डोक्यात उजेड पडला. फिल्टर वर घेतला. पण जुनं ऑइल सोडायचा नट? तो चेंबरच्या तळाला. खालीच. तो कोणाच्या बापाला वर घेता येणार नाही.
रईसला फोन. "मले वाटलं चाचा, तुमाले माहीत असन."
गाढव. तो नाही, मी.

८ एप्रिल
परवापासून कोणाशी बोललो नव्हतो. सकाळी कमलने पदर खोचला, पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली गेली. साठी उलटली तिची, गुडघे दुखतात. मी म्हटलं, अवं राहू दे. ऐकते कुठे! पाना दिला.
"डावीकडं फिरव."
"तुमची डावी का माही?"
चिडलो, मग हसू आलं. नट सुटला, काळं ऑइल तिच्या कोपरापर्यंत. नट परत तिनेच कसला.
फिल्टर मात्र मी लावला. रबराला ऑइल लावायचं, टेकेपर्यंत फिरवायचं, वर पाऊण वेढा. उजव्या हाताला आपोआप कळायचं, आता बस. डाव्याला काही कळत नाही. ताकद संपली तिथे थांबलो.

१३ एप्रिल
अंगणात गाडी सुरू करून ठेवली. थेंब नाही. पण उभी गाडी वेगळी आणि उन्हात रांगणारी वेगळी. फिल्टरपाशी गळायला लागलं तर... सगळ्या गावापुढे, तसबीर घेऊन, मधेच बंद. भीती वाटते.
सायंकाळी सुमेध आला. या खेपेला मलाच विचारलं. "काका, नक्की ना? ट्रॅक्टर सांगून ठेवला हाय." सकाळी सांगतो म्हटलं.
तो गेल्यावर कमलला म्हणालो, जरा तू फिल्टर फिरवून पाहा, अजून कसतो का. तिने पदराला हात पुसला, धरला. फिरला. थोडासाच, पण फिरला.
"आता बस का?"
मला काय माहीत. हात तिचा होता.